पदवीच्या आधीचं एक वर्ष

गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचं पत्र आलं. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. मुलगा बारावी सायन्सला ६१ टक्क्यांनी पास झाला. त्याचे अब्बा कुवेतला नोकरी करतात. मुंबईच्या एका एजंटाने त्यांना सांगितलं की, एवढ्या टक्क्यांवर इथल्या चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा नाद सोडा. मुलाला इंग्लंडला ‘फाउंडेशन’ला घाला, एक वर्ष झालं की विद्यापीठात प्रवेश पक्का. पहिल्या वर्षाचा सगळा खर्च तीस-पस्तीस लाख. त्यासाठी घरची आंब्याची बाग विकायचं चाललं आहे.

भगिनी लिहितात, “बाग एकदा गेली की गेली. व्याजाचं कर्ज त्याच्या अब्बांना नको आहे. हे वर्ष पदवीत धरतात का? आणि प्रवेश पक्का म्हणजे किती पक्का? इथे विचारायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला विचारते.” शेवटी एक ओळ आहे : “धाकटी मुलगी दहावीला आहे, हुशार आहे, दुआ करा.”

अशी विचारणा आता बऱ्याच घरांतून होते आहे. म्हणून या महिन्याचं सदर याच प्रश्नाला देत आहोत.

हे वर्ष असतं तरी काय?

इंग्लंडमधली मुलं तेरा वर्षं शाळेत काढतात आणि अठराव्या वर्षी ‘ए-लेव्हल’ची परीक्षा देतात. त्यानंतरची पदवी तीन वर्षांची. जगातल्या पुष्कळ देशांत शालेय शिक्षण बारा वर्षांचं आहे, किंवा शिकवण्याची रीतच निराळी आहे. अशा परदेशी विद्यार्थ्याला एकदम पदवीच्या वर्गात बसवलं तर तो मागे पडेल, म्हणून मध्ये एक वर्ष ठेवलं गेलं. तेच फाउंडेशन वर्ष. त्यात निबंध आणि अहवाल लिहिण्याचं इंग्रजी शिकवतात. दुसऱ्याचं लेखन वापरलं तर त्याचा उल्लेख कसा करायचा, वर्गातल्या चर्चेत कसं बोलायचं, हे शिकवतात. सोबत पुढच्या पदवीला लागणारे विषय असतात : कुणाला गणित आणि भौतिकशास्त्र, कुणाला अर्थशास्त्र, कुणाला इतिहास.

म्हणजे भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं : स्वतंत्र फाउंडेशन वर्ष पदवीत धरत नाहीत. त्याची पातळी ए-लेव्हलची, म्हणजे आपल्या भाषेत शाळेच्या शेवटच्या वर्षाची. त्यानंतर पदवीची तीन वर्षं पूर्ण करावीच लागतात. एकूण चार वर्षं. काही विद्यापीठांत हे वर्ष पदवीला जोडूनच असतं आणि चार वर्षांचा एकच प्रवेश मिळतो. पण तिथेही पहिलं वर्ष पास झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ही कल्पना वाईट मुळीच नाही, आणि तयारीचा काळ आपल्यालाही नवा नाही. मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास इंग्लंडला गेले. गेल्या गेल्या ते बॅरिस्टरीच्या वर्गात बसले नाहीत. आधी लंडनमध्ये शाळेत शिकले, मग मिडल टेम्पलमध्ये गेले. मध्ये डोळ्यांच्या दुखण्यामुळे घरी परत यावं लागलं, पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. म्हणून पायाभूत तयारीला आम्ही नावं ठेवत नाही. विचारायचं ते एवढंच : आपल्या मुलाला तिची गरज आहे का? आणि असेल तर ती एवढ्या पैशांत तिकडेच करायला हवी का?

आधी विचारा : थेट प्रवेश मिळतो का?

एजंट ही गोष्ट सहसा आपणहून सांगत नाहीत. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं भारतातली बारावी थेट पदवीच्या पहिल्या वर्षासाठी मान्य करतात. प्रत्येकाची टक्क्यांची आणि विषयांची अट वेगळी. नामवंत विद्यापीठांची अट वरची असते आणि राज्य मंडळांसाठी ती बहुधा सीबीएसईपेक्षा जास्त टक्क्यांची असते; पण साठ-पासष्ट टक्क्यांवर थेट प्रवेश देणारी विद्यापीठंही आहेत. स्कॉटलंडमध्ये तर ऑनर्स पदवीच चार वर्षांची असते, कारण तिथली मुलं सतराव्या वर्षीही विद्यापीठात जातात. पैसे एका फाउंडेशन आणि तीन वर्षांच्या पदवीला लागतील तितकेच, पण तिथे पहिल्या दिवसापासून मूल पदवीचं विद्यार्थी असतं.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशासाठी प्रवेशाची अट लिहिलेली असते. ‘इंडिया’ या नावाखाली काय लिहिलं आहे ते मुलाने स्वतः वाचावं आणि शंका असेल तर प्रवेश विभागाला ई-मेल करावा. त्याला पैसे पडत नाहीत. एजंटाला मात्र मूल पाठवल्याबद्दल तिकडच्या संस्थेकडून कमिशन मिळतं. तो व्यवसाय आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याचा सल्ला घेताना ही गोष्ट ध्यानात असू द्या.

मेडिकलचं स्वप्न असलेल्यांसाठी एक सूचना. परदेशात डॉक्टर होऊन भारतात व्यवसाय करायचा असेल, तर परदेशी प्रवेशाच्या आधी ‘नीट’ पात्र होणं बंधनकारक आहे. कुठल्याही फाउंडेशनने ही अट टळत नाही.

‘पक्का प्रवेश’ किती पक्का?

इथे आम्हाला आमच्याच घरातली गोष्ट सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी आमचा भाचा अशाच एका वर्षासाठी इंग्लंडला गेला. संस्थेचं नाव सांगत नाही. ऑफर लेटर बहिणीला आम्हीच वाचून दाखवलं होतं. पहिल्या पानावर विद्यापीठाचं बोधचिन्ह आणि प्रवेशाची हमी होती. ते वाचलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. तिसरं पान आम्ही वाचलंच नाही. त्यावर लिहिलं होतं की इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी एकूण ६५ टक्के आणि गणितातही ६५ टक्के हवेत. भाच्याला एकूण ६७ मिळाले, गणितात ५८. संस्थेने त्याला बिझनेस मॅनेजमेंटची जागा देऊ केली. हमी त्यांनी मोडली नव्हती. हमी कुठल्यातरी पदवीची होती, त्याला हव्या असलेल्या पदवीची नव्हती.

भाचा परत आला. दोन महिने त्याने मशिदीत जाणंही कमी केलं, लोक विचारतील म्हणून. मग पुन्हा सीईटी दिली, पुण्याजवळच्या कॉलेजात इंजिनिअर झाला, आज अल्हम्दुलिल्लाह नोकरीला आहे. पण त्याच्या अम्मीच्या बांगड्या परत आल्या नाहीत. ते तिसरं पान न वाचल्याचा दोष आमचा आहे, आणि हा लेख लिहिण्याचं एक कारण तेही आहे.

म्हणून हमीचा शब्द दिसला की चार गोष्टी लेखी विचारा. कोणत्या पदवीसाठी हमी? एकूण किती टक्के आणि कोणत्या विषयात किती? कमी पडले तर फेरपरीक्षा आहे का, तिची फी किती? आणि हे प्रमाणपत्र दुसरी कोणती विद्यापीठं मान्य करतात?

हे वर्ष शिकवतं कोण, हेही पाहा. काही विद्यापीठं ते स्वतः चालवतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये विज्ञान-इंजिनिअरिंगसाठी एक आणि मानव्य विद्यांसाठी एक असे वर्षभराचे पूर्वतयारीचे अभ्यासक्रम आहेत. पुष्कळ ठिकाणी मात्र विद्यापीठाच्या आवारात किंवा शेजारी एखादी खासगी कंपनी हे वर्ग चालवते. इंटू, कॅप्लान, स्टडी ग्रुप, नॅव्हिटास ही त्यांतली मोठी नावं. खासगी म्हणजे वाईट असं नाही. पण फी कोणाला जाते, परत मिळण्याचे नियम कोणाचे आणि व्हिसासाठी लागणारं ‘कॅस’ हे पत्र कोणाच्या नावाने निघतं, हे माहीत हवं. कॅस फक्त फाउंडेशनपुरतं असेल, तर पदवीसाठी पुन्हा व्हिसाचा अर्ज आणि पुन्हा त्याची फी.

व्हिसा आणि हिशेब

स्वतंत्र फाउंडेशन वर्षाची फी बहुतेक ठिकाणी १५,००० ते २५,००० पौंडांच्या दरम्यान असते, काही ठिकाणी त्याहून जास्त. व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या फीची भरायची राहिलेली रक्कम आणि राहण्याखाण्याचे पैसे बँकेत दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून ही राहण्याची रक्कम लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे, जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. व्हिसाची फी, विमानभाडं, थंडीचे कपडे वेगळे.

खात्यात दाखवण्यापुरते पैसे महिनाभर फिरवून देणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते खोटं आहे, हे एक कारण पुरेसं आहे. दुसरं असं की, जे पैसे खरे नाहीत ते ऑक्टोबरमध्ये भाडं द्यायला उपयोगी पडत नाहीत.

“तिकडे काम करून खर्च काढेल,” असंही सांगितलं जातं. पदवीच्या विद्यार्थ्याला ब्रिटनमध्ये अभ्यासाच्या काळात आठवड्याला २० तास कामाची मुभा असते. पण फाउंडेशनची पातळी पदवीच्या खालची. तिथे मर्यादा १० तासांची, आणि काही संस्थांच्या विद्यार्थ्यांना तेवढीही नाही. दहा तासांत फार तर किराणा निघेल, फी निघणार नाही.

इंग्रजीचंही उलटं आहे. पदवीच्या थेट प्रवेशाला काही विद्यापीठं बारावीतले इंग्रजीचे गुण चालवून घेतात. स्वतंत्र फाउंडेशनच्या व्हिसाला मात्र ब्रिटिश सरकारने मान्य केलेली परीक्षा, जसं की ‘आयईएल्टीएस फॉर यूकेव्हीआय’, बहुधा द्यावीच लागते. साध्या आयईएल्टीएसची फी भरून बसू नका.

आता व्याजाचा प्रश्न. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी कर्जाच्या व्याजावर अनुदान देणारी केंद्राची ‘पढो परदेस’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली; आणि ती चालू होती तेव्हाही पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठीच होती. महाराष्ट्र शासनाची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची परदेशी शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. यातून एक गोष्ट लक्षात येते : परदेशी शिक्षणासाठी जी मदत मिळू शकते, ती इथली पदवी हातात असलेल्याला. बारावीनंतर लगेच जाणाऱ्याच्या वाट्याला घरची बाग किंवा बँकेचं व्याज, एवढंच राहतं.

जर्मनीची रीत

जर्मनीबद्दलही हल्ली विचारणा होते. तिथे आपली बारावी त्यांच्या ‘आबिटुर’च्या बरोबरीची मानत नाहीत. म्हणून ‘श्टुडिएनकोलेग’ नावाचं दोन सत्रांचं वर्ष आहे. त्यात विषयांप्रमाणे गट : इंजिनिअरिंग आणि गणिताला टी-कोर्स, वैद्यक आणि जीवशास्त्राला एम-कोर्स, अर्थशास्त्राला डब्ल्यू-कोर्स. आत जायलाच प्रवेश परीक्षा असते आणि बी-वन किंवा बी-टू पातळीचं जर्मन लागतं. शेवटी पात्रता परीक्षा. ती पास झाली तरच पदवीचा दरवाजा उघडतो, आणि नापास झाल्यास ती साधारणपणे एकदाच पुन्हा देता येते.

सरकारी श्टुडिएनकोलेगला शिकवणी फी नसते, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. खासगी मात्र भरपूर घेतात. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. त्यातले महिन्याला ९९२ युरो मुलाला काढता येतात. कागदपत्रांची तपासणी दिल्लीच्या एपीएस कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. पुढे पदवीलाही बहुतेक राज्यांत फी नाही, पण सगळीकडे नाही असं नव्हे : बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात.

आता महत्त्वाचं. बारावीनंतर भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलं, तर जर्मनीत त्याच विषयाच्या पदवीसाठी श्टुडिएनकोलेगशिवाय अर्ज करता येतो. म्हणजे मूल इथेच बी.एस्सी.चं पहिलं वर्ष करतं, संध्याकाळी मुंबई किंवा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा ऑनलाइन जर्मन शिकतं, आणि त्याचं ‘फाउंडेशन’ घरच्या जेवणावर होऊन जातं. नाहीच गेलं, तरी ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असतं. वर्ष फुकट जात नाही.

घर सोडण्याआधी

मुलगा असो की मुलगी, सतरा-अठराव्या वर्षी एकटं राहण्याची तयारी पैशाइतकीच मोठी. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो. जोहर, असर, मगरिब सगळ्या कॉलेजच्या वेळेत येतात. जूनमध्ये उलट, इशा मध्यरात्रीच्या आसपास जाते. बऱ्याच विद्यापीठांत नमाजची खोली असते, पण शेजारच्या इमारतीत भरणाऱ्या फाउंडेशनच्या मुलांना ती जवळ पडते का, हे विचारून घ्या. मुलाला डाळभात, अंड्याचं सालन आणि कपडे धुणं येत नसेल तर या सुट्टीत शिकवा. ते कामही त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.

आणि परत यावं लागलं, तर त्याला तोंड लपवायला लागू नये, एवढं घर आपण ठेवू या. तय्यबजींच्याच नात्यातल्या अतिया फैजी १९०६ साली शिक्षकी शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि पुढच्या वर्षी अभ्यासक्रम पूर्ण न करता परतल्या. तिथे असताना त्यांनी लिहिलेली रोजनिशी उर्दूतल्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या बायकांच्या पत्रिकेत छापून येत होती, म्हणजे घरोघरच्या भगिनी ती वाचत होत्या. प्रमाणपत्र आलं नाही, पण त्या वर्षातून पुष्कळ घरांना काहीतरी मिळालं.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली २८२वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण सगळे जाणतो. मग एजंटाचं बोलणं तोंडी का ठेवायचं? हमी, टक्के, फी परतीचे नियम, सगळं लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याला सलाम करून उठा.

आमचं उत्तर

भगिनी, मशवरा तुम्ही मागितला, तो देतो. निर्णय तुमचा आणि मुलाच्या अब्बांचा.

बाग या वर्षी विकू नका. मुलाला बी.एस्सी.ला किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का ते पाहा. त्याच्या हाताने पाच विद्यापीठांना ई-मेल करवा की ६१ टक्क्यांवर थेट पदवीला काय मिळेल. इंग्रजी किंवा जर्मन, एक भाषा या वर्षात पक्की करू दे. पुढच्या जूनला तोच मुलगा तुमच्यासमोर बसेल, तेव्हा त्याची ओढ खरी होती की एजंटाच्या ऑफिसातल्या चित्रांची, हे दोघांनाही कळेल. तेव्हाही जायचं ठरलं, तर हिशेब एका वर्षाचा नको, चार वर्षांचा करा. पहिल्या वर्षापुरते पैसे जमवून निघालेली मुलं दुसऱ्या वर्षी अडकतात.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. धाकट्या मुलीबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे. दहावीला आहे, हुशार आहे. दोन वर्षांनी तीही बारावी होईल, आणि तिलाही काहीतरी व्हायचं असेल. आई-बापाने हयातीत मुलांना देताना त्यांच्यात न्याय राखावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण भाषणांतून ऐकतो. तिची खरी परीक्षा बाग विकताना होते. ती बाग एकट्या मुलाच्या एका वर्षासाठी नाही, तिच्यात मुलीचंही शिक्षण आहे. मशवऱ्याला घरात बसाल, तेव्हा तिलाही बोलवा. मोबाईलवर ते तिसरं पान कदाचित तीच आधी वाचून दाखवेल.

दोघांसाठीही दुआ करतो. मेलवरून उत्तरं आली की कळवा, इन्शाअल्लाह पुढच्या अंकात इतर वाचकांनाही सांगू.